दफ्तराच्या पेटीची किल्ली

काल बाबारावांच्या निरोपाच्या कार्यक्रमात नंदकिशोरजी म्हणाले, "बाबाराव म्हणजे आमच्या घरचाच माणूस." माझा नुसता तिळपापड झाला. घरचा माणूस! म्हणूनच आज हे लिहून ठेवते.

बाबाराव आर्णीकडचे, सातवीपर्यंत शिकलेले. आमचे हे एका आंतरराष्ट्रीय विज्ञान संघाच्या भारतातल्या सदस्य-संस्थेचे चिटणीस, म्हणून तिचं दफ्तर यवतमाळला आमच्याच बैठकीत. देशोदेशीच्या सदस्य-संस्थांची पत्रं, ठराव, सभांचे वृत्तांत बाबारावांनी देशवार लावून लाल फडक्यांत बांधले होते; पेटीची किल्लीही त्यांच्याकडेच असे. पावसाळा सरला की कडुनिंबाचा पाला घालून कागद बाजेवर वाळवायचे. "जपान जरा ओला झाला, बाई," असं गंभीरपणे सांगायचे.

सत्तावन सालची खंडेनवमी. मी पूजा मांडली, तिच्यात दफ्तराची पेटीही ठेवली. संस्थेचे खजिनदार नंदकिशोरजी आले होते. म्हणाले, "बाबाराव, फूल वाहा, हात जोडा."

"मी नाही जोडत, साहेब. मागच्या साली नागपूरले बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दफ्तर मात्र जसं सांभाळतो तसंच सांभाळीन."

"मग या पेटीले हात काहून लावतं? ठेव किल्ली! उद्यापासून दुसरा माणूस पाहतो."

बाबारावांकडून घेतलेली किल्ली पेटीवर ठेवून नंदकिशोरजींनी वर हळद-कुंकू वाहिलं. ह्यांनी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. मी रोज देवीची पोथी वाचते. माणसाला हाकलून वाहिलेलं फूल तिला आवडतं असं कुठे वाचलं नाही.

दुपारी विज्ञान संघाची तार आली: भारताच्या सदस्यत्वाच्या मूळ पत्राची तारीख आजच कळवा, नाहीतर उद्याच्या सभेत मत नाही. पत्र पेटीत. आणि पूजेत मांडलेलं तर दसऱ्याला पूजा उठेपर्यंत हलवायचं नाही! दोघा विद्वानांपैकी कोणी पेटीला हात लावेना. मग नंदकिशोरजी गोड आवाजात म्हणाले, "बाबाराव, तूच काढ ना. तुले कायचा दोष?"

बाबाराव बाजेवरचे कागद आवरून चपला घालत होते. "सकाळी माह्या हातानं पेटी बाटत होती, साहेब. आता माह्याच हातानं पूजा मोडाची? किल्ली जशी घेतली तशी सगळ्यांसमोर परत द्या. मग पत्र काढतो."

"पाहा हो, अडवणूक करून राह्यला!"

माझं डोकं फिरलं. "अडवणूक तुमची, भाऊजी. देवी माझी, पूजा माझी, दोष लागला तर तोही माझा." नमस्कार करून मी किल्ली उचलली, कुंकू पदराला पुसलं आणि बाबारावांच्या हातात दिली. "आणि बाबाराव उद्याही येतील," हे मी ह्यांच्याकडे पाहून म्हटलं. ह्यांनी मान डोलावली, एवढंच.

बाबारावांनी चपला काढल्या, पत्र काढलं, तार गेली. नंदकिशोरजी पुरणपोळी न जेवताच गेले. जाईनात का!

ती किल्ली कालपर्यंत बाबारावांच्याच कमरेला होती.