सात नंबरची शाल

कंडक्टरबाईंना विणायला शिकवलं त्यांच्या मावशीनं, पण ते पाठ करून घेतलं सात नंबरच्या बसनं. डेपोत गाडी वीस मिनिटं उभी राहायची, तेवढ्यात बाईंच्या सुया सुरू. नक्षीचा कागद सांभाळत कोण बसणार? बाईंनी सरळ नक्षी थांब्यांना बांधून टाकली. पोस्टाला दोन सुलट टाके, दवाखान्याला एक उलट, शाळेला तीन सुलट, पुलाला दोन उलट. तोंडानं थांबे पुटपुटायचे, हात आपोआप चालायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाई निवृत्त झाल्या आणि दोन महिने धाकट्या बहिणीकडे समुद्रकाठी जाऊन राहिल्या. घंटी नाही, गर्दी नाही, कुणाला पुढे सरका म्हणायला नको. दुपारी खिडकीचा पडदा फुगायचा, पुन्हा बसायचा, आणि बाई त्याच्याकडे बघत अर्ध्या झोपेत पडून असायच्या. लोकरीला हात म्हणून लावला नाही.

घरी परतल्या त्या सकाळी त्यांनी चहा घेतला आणि टोपली पुढ्यात ओढली. अर्धी शाल जशीच्या तशी होती. पोस्टाला दोन सुलट म्हणत सुरुवात केली, तर दोन-चार थांब्यांतच नक्षी वाकडी. उसवलं. पुन्हा वाकडी. मग हट्टानं खालच्या दोन चांगल्या ओळीही उसवल्या, तरी तेच. बाईंनी सुया खाली ठेवल्या.

त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी मिठाचा डबा सापडेना, मग घराचा रस्ता, आणि एक दिवस थोरल्या लेकीकडे बघून तिनं विचारलं, तुम्ही कुणाच्या? थोरली लेक म्हणजे याच. आई तेव्हा एकोणसाठ वर्षांची होती, आणि बाईंना येत्या महिन्यात एकोणसाठावं लागणार होतं. बहिणीला फोन करावा तर सांगणार काय, कपाळ? त्यांनी टोपलीतलं सगळं पिशवीत कोंबलं आणि तडक सात नंबर गाठली.

ड्रायव्हर त्यांचाच, अकरा वर्षांचा सोबती. बाई जन्मात पहिल्यांदा या गाडीत खिडकीशी बसल्या. पोस्ट आलं, दवाखाना आला, मग शाळा, मग पूल. क्रम अगदी बरोबर, मांडीवरची ओळ मात्र चुकलेलीच. आता तर त्यांचा धीरच सुटला. थांबे जागच्या जागी आहेत, म्हणजे बिघाड आपल्यातच.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, बाई उतरल्या नाहीत, चुकलेली ओळ पुन्हा उसवत बसल्या. गाडी वळली. मांडीवरचं ऊन सरकत पलीकडच्या बाकावर गेलं, इंजिनाच्या घरघरीत बाईंचे डोळे मिटत आले. नवा कंडक्टर पेंगुळल्या आवाजात म्हणाला, "पूल." बोटं हलली. मग "शाळा". पुन्हा हलली. डोळे मिटलेलेच, आणि टाक्यावर टाका अलगद बसत होता.

बाईंनी खाडकन डोळे उघडले. अगं बाई! जायची ओळ तर त्यांनी सुट्टीआधीच संपवली होती. ही परतीची. परतीला थांबे उलटे, आणि सुलटाच्या जागी उलट. शाल दोन्ही बाजूंनी सारखीच दिसणारी, बघून काही कळायचं नाही, त्यात ओळी उसवल्या त्याही नेमक्या दोन, म्हणून बाई पुन्हा परतीच्या ओळीपाशीच येऊन पडल्या. डोकं शाबूत होतं, तोंड तेवढं चुकीच्या दिशेला होतं.

डेपोत ड्रायव्हर मागे आला, तर बाईंच्या डोळ्यांना धार लागलेली. त्याला वाटलं, नोकरीची आठवण. हळूहळू सवय होईल, म्हणाला.

"नोकरीचं काय घेऊन बसलास," बाई म्हणाल्या. "माझ्या आईनं शेवटी मला ओळखलं नव्हतं रे. सकाळी वाटलं, आता माझी पाळी."

तो शेजारच्या बाकावर टेकला. सुटायची वेळ झाली, नव्या कंडक्टरनं घंटी दिली, पुन्हा दिली. एका मिनिटाच्या उशिरासाठी भल्याभल्या ड्रायव्हरांना फैलावर घेणाऱ्या बाई जागच्या हलल्या नाहीत.

"बस जरा," त्या म्हणाल्या. "एवढी ओळ होऊ दे."