बंद लाईन, चालू पंखा

आमचे हे वीजखात्यात लाईनमन. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हे खांबावर चढलेत कळलं की माझ्या तोंडचं पाणी पळतं. त्यात यांच्या हद्दीतल्या चौबे कॉलोनीत गच्चीगच्चीवर सोलर बसायला लागलं. आधी लाईट एकाच बाजूनं यायची, आता घराघरातून उलटी तारेत जाते.

"अवं, लाईन गेली की सोलर आपोआप बंद पडते. काहून भेते तू?" हे म्हणायचे. भीती काय अशी समजावून जाते?

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी तिथंच दादाकडे गेले होते. दादा सिलतऱ्याच्या कारखान्यात साहेब, गच्चीवर नवंकोरं सोलर. पंगत बसली, पुरण वाढायला घेतलं आणि लाईट गेली. मी यांना फोन लावला.

"तुमच्याच मागच्या गल्लीत हाव मी. तार जळली. जोडतो अन् येतोच जेवाले."

इकडे पाव्हणे घामाघूम, आणि दादाचं डोकं तापलेलं. "एवढं ऊन पडून राहिलं अन् माझं सोलर झोपलं? थांबा, उठवतो त्याले."

अंगणात जनरेटर धडधडला. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर दादानं सरळ स्वयंपाकघरातल्या बोर्डात खुपसली. घरात वीज आली तशी सोलरला वाटलं, सरकारी लाईट आली. तेही जागं झालं. पंखे गरगरले. "वा भैया!" पंगत खूश.

मी तुपाचं भांडं घेऊन तशीच दादापाशी गेले. "दादा, मेन स्विच पाडला होता का?"

"कायचा मेन? तू वाढ ना वं."

मेन पाडला नाही, म्हणजे ही सगळी वीज मीटरातून बाहेर, त्या तारेवर. आणि तारेवर यांचे हात! अगं बाई गं! भांडं तिथंच टाकून मी धावले, मेन खाली ओढला, जनरेटर बंद केला. यांना फोन केला, तो नुसता वाजत राहिला. चप्पल न घालता मी मागच्या गल्लीकडे पळाले. आई महालक्ष्मी, खांबाखाली गर्दी नको दिसू दे. एवढंच म्हणत होते.

हे शिडीपाशी उभे होते. जिवंत. पांढरेफटक. काम सुरू करण्याआधी तारांवर साखळी टाकतात, उरलीसुरली वीज जमिनीत उतरावी म्हणून.

"साखळी टाकली त आग निघाली ना वं, बंद लाईनवर! म्या हातच लावला असता. कोणाचं घर असन?"

मी दादाच्या घराकडे बोट दाखवलं, "मेन पाडून आले." यांनी वर पाहिलं. "आता शांत दिसते. चढतो." एक पाय शिडीवर ठेवला.

तेवढ्यात वर साखळी तडतडली आणि भिंतीपलीकडून, दादाच्या घरातून आवाज उठला, "आली रे आली!" दादानं जनरेटर पुन्हा लावून मेन परत वर केला होता.

मी दोन्ही हातांनी यांचा शर्ट धरला. सणाचा दिवस होता, गल्ली बघत होती. तिथूनच मी सख्ख्या भावाला आईमाईवरून शिव्या घातल्या, जनरेटर बंद होऊन पंखे थांबेपर्यंत.