परकी कवळी

त्याला सगळे बत्तिशी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. चाळीस वर्षं तो लोकांचे दात करत आला होता. बाजारामागच्या गल्लीत सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या माडीवर त्याची खोली. दातांचे डॉक्टर खाली हमरस्त्यावर काचेच्या दारामागे थंड हवेत बसत, माणसाच्या तोंडाचं माप घेत आणि ते ओल्या फडक्यात गुंडाळून वर पाठवून देत. मग बत्तिशी त्यात प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चमकवायचा. पाटीवर नाव मात्र डॉक्टरचं. "कवळी बसली तर डॉक्टर हुशार, टोचली तर बत्तिशी गाढव," असं तो म्हणे, आणि पुढे जे म्हणे ते डॉक्टरांच्या कानावर गेलं असतं तर त्याचं काम कधीच बंद झालं असतं.

माणसांना कमी लेखणं हा त्याचा धंदा नव्हता, पण त्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. कारकून आळशी, दुकानदार चोर, शेजारी भोचक, डॉक्टर तर विचारूच नका. बायको होती तेव्हा एकदा वैतागून म्हणाली होती, "अहो, या जगात तुम्हाला एक तरी माणूस बरा दिसतो का?" बत्तिशीनं मान वर न करता उत्तर दिलं, "दिसतो की. ताई."

ताई त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच याला वाढवला. तेहतीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर बसली होती. कानाला यंत्र, समोर बटणांची पाटी, आणि उच्चार असे स्वच्छ की रडत फोन करणारा माणूससुद्धा तिचं ऐकून दोन क्षण नीट बोलू लागे. तिचे दात गेले तेव्हा बत्तिशीनं कोणा डॉक्टरला मध्ये घेतलंच नाही. स्वतः माप घेतलं, अकरा दिवस खपला. मेणात बसवलेले दात तिच्या तोंडात घालून तो तिला पुन्हा पुन्हा "सहासष्ट" म्हणायला लावी. दात जरा पुढे असले तर "स" शिट्टी मारतो, मागे असले तर बोबडा होतो. शंभरेक वेळा सहासष्ट म्हणून झाल्यावर ताई म्हणाली, "अरे, एवढ्यात मी सहासष्ट माणसांना फोन जोडून दिले असते." डावीकडचा पुढचा दुसरा दात तिनं हट्टानं किंचित तिरका बसवून घेतला, कारण तिचा खरा दात तसा होता. "सरळ दात घालून फिरले तर लोक म्हणतील, ही कोण बाई?"

मग ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा परदेशात. त्यानं फोनवरूनच तिला शहराबाहेरच्या एका वृद्धांच्या निवासात ठेवली. मामाला विचारलं ते सगळं ठरवून झाल्यावर. बत्तिशीनं भाच्याला जे सुनावायचं ते सुनावलं, पण माडीवरच्या खोलीला बावीस पायऱ्या होत्या आणि ताईला एकही चढता येत नव्हती. तेव्हा त्याचंही घोडं तिथंच अडलं.

निवास दिसायला छान होता. दर्शनी भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो, जे तिथं राहत नव्हते. मॅनेजरबाई प्रत्येक वाक्यात एकदा "आपलं कुटुंब" म्हणत. "आपल्या कुटुंबात, काका, प्रत्येक आजी ही माझी आजी आहे." स्वतःची आजी या बाईनं कुठल्या कपाटात ठेवली आहे देव जाणे, असं बत्तिशीच्या मनात आलं, आणि त्यानं ते मनात ठेवलं नाही.

त्या दिवसापासून तो दर रविवारी निवासात जाऊ लागला, आणि त्याचा रविवार म्हणजे भांडणाचा वार. चादर चार दिवस बदलली नाही म्हणून एक रविवार. घंटी दाबली तर वीस मिनिटं कोणी येत नाही म्हणून दुसरा. सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी आहे म्हणून तिसरा, तोही थेट स्वयंपाकघरात, आचाऱ्याच्या हातात डाव असताना. तो फाटकातून आत शिरला की नर्सला अचानक फोन येई आणि मॅनेजरबाई मीटिंगमध्ये जात. मग तो कार्यालयाबाहेर ठाण मांडून बसे, तास-दीड तास. निघताना ताईच्या खोलीत डोकावून म्हणे, "ताई, आज बघ कशी हजामत केली एकेकाची!" आणि शेवटची बस पकडायला पळे. तो विजयी मुद्रेनं परते. चादर बदलली जाई, हे खरं. सूपही एक दिवस घट्ट आलं.

ताई मात्र दिवसेंदिवस खंगत चालली. बोलेना, बोललीच तर तोंडातल्या तोंडात काहीतरी, ते कळेना. वय झालं, हाड मोडलं, जागा परकी. बत्तिशीला त्यात नवल वाटलं नाही, राग तेवढा आला, आणि तो राग घेऊन तो पुन्हा कार्यालयाकडे गेला.

एका सोमवारी भाच्याचा फोन आला. "मामा, आईचं खाणं जवळजवळ बंद आहे. पाच किलो उतरलीय. डॉक्टर म्हणतात नाकातून नळी घालावी लागेल. बुद्धीवरही परिणाम झालाय म्हणे. बुधवारी सकाळी घालणार. उद्या संध्याकाळपर्यंत मला संमती पाठवायचीय."

"आणि तू देणार?"

"मग काय करू? उपाशी मारू?"

"त्या डॉक्टरनं तिला बघितलं तरी का नीट? दारातून मान घालून जातो तो, दूधवाल्यासारखा."

"मामा, तुझ्या लेखी सगळेच नालायक असतात," भाचा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. हे वाक्य बत्तिशीला झोंबलं, म्हणून त्यानं भाच्याचं नाव नालायकांच्या यादीत आणखी वर सरकवलं.

मंगळवारी तो काम टाकून निवासात पोचला, ऐन दुपारच्या जेवणाच्या वेळी. मॅनेजरबाईंना मीटिंग गाठायला वेळच मिळाला नाही. त्यांनी फाइल उघडून वाचून दाखवली. सहकार्य करत नाहीत. बोलणं अस्पष्ट. चिडचिड. घास थुंकतात. दोनदा मदतनिसाचा हात झटकला. शांत राहण्याची गोळी सुरू केली आहे.

"चिडचिड होणार नाही तर काय! तुमचं तोंड बघून मला सुद्धा घास जात नाही," बत्तिशी म्हणाला.

मॅनेजरबाईंचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "काका, दर रविवारी तुम्ही ओरडता, आम्ही ऐकून घेतो. आमच्या मावशी रोज एकेक तास चमचा धरून बसतात. तुम्ही एकदा तरी भरवलंय का त्यांना? या, आज तुम्हीच भरवून बघा."

आता आली का पंचाईत! पण हार मानेल तो बत्तिशी कसला. तो ताडताड जेवणाच्या हॉलमध्ये गेला, ताईच्या चाकाच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसला आणि मावशीच्या हातातला चमचा घेतला. वाडग्यात कसलातरी भुरका लगदा होता. ताईनं त्याच्याकडे पाहिलं. डोळे गोळीनं जड झाले होते, पण बुद्धी गेलेल्या बाईचे ते डोळे नव्हते.

"ताई, आ कर."

तिनं आ केला, आणि बत्तिशीचा चमचा हवेतच राहिला.

समोरचे सगळे दात सरळ होते. डावीकडचा दुसराही सरळ. दुकानात ओळीनं मांडलेल्या साबणाच्या वड्यांसारखे एका मापाचे, पांढरेफटक, आणि ताई तोंड मिटू लागली तशी वरची कवळी निसटून खाली आली. त्यानं अंगठा घालून ती बाहेर काढली, मग खालची. खाली हिरडीवर बोटभर लांब लालभडक जखम होती.

"हे दात माझ्या हातचे नाहीत," तो म्हणाला. आवाज इतका हळू होता की मॅनेजरबाई घाबरल्या. त्यांना त्याच्या ओरडण्याची सवय होती.

"काका, दात ते दात. त्यात काय—"

"हे माझ्या ताईचे दात नाहीत. हे कोणातरी टोणग्यानं केलेत, कोणातरी दुसऱ्याच्या तोंडासाठी. तुम्ही इतके दिवस दुसऱ्याचे जोडे घालून हिला चालायला लावताय, आणि फाइलमध्ये लिहिताय, सहकार्य करत नाही!"

मावशी मध्येच बोलून गेली. तिला बिचारीला काही लपवायचं आहे हेच माहीत नव्हतं. "काका, पहिलं प्रत्येकीची वेगळी डबी होती. त्या डब्या फुटल्या. आता रात्री सगळ्यांच्या कवळ्या एका टबात टाकतो, औषधाच्या पाण्यात. सकाळी वाटून देतो."

"कशावरून कोणाची ते कळतं?"

"मापावरून. मोठं तोंड, मोठी कवळी."

बत्तिशीनं मॅनेजरबाईंकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यानं पुष्कळ मूर्ख पाहिले होते, पण अर्ध्या मिलिमीटरसाठी तो रात्र रात्र घासत बसायचा आणि इथं तोंडं घमेल्यानं मोजत होते. शिवी देण्याच्या लायकीचंही त्याला इथं कोणी दिसेना. तो उठला आणि टेबलाटेबलाशी जाऊन प्रत्येकाला "जरा आ करा" म्हणू लागला. "काका, हे नियमात बसत नाही," मॅनेजरबाई मागून म्हणत होत्या. "कवळी तरी कुठं बसतेय!" तो म्हणाला आणि पुढच्या म्हाताऱ्याच्या तोंडात वाकून पाहू लागला.

खिडकीपाशी एक आजी बसल्या होत्या. पूर्वी गाणं शिकवायच्या. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

"आजी, जरा हसता का?"

"इथं हसण्यासारखं काय आहे?" आजी म्हणाल्या, आणि स्वतःच्याच उत्तरावर त्यांना हसू फुटलं. डावीकडचा दुसरा दात किंचित तिरका.

"हे दात तुमचे नाहीत, आजी."

"अरे बाबा, तेच तर मी तीन आठवडे सांगतेय! सूर सोड, साधा शब्द नीट बाहेर पडत नाही. तर म्हणे, आजी, तुम्हाला भास होतात." त्यांनी दोन्ही कवळ्या काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या. ताईच्या तोंडातून निघालेली जोडी धुऊन त्यानं त्यांना दिली. ती चपखल बसली. टोणग्याचं काम, पण आजींच्या मापाचं होतं.

ताईचे दात त्यानं नळाखाली तीनदा धुतले. मग ते तिच्या तोंडात बसवले. ताईनं जबडा मिटला, जीभ फिरवली, डोळे मिटून घेतले. जखम दुखत असणारच. मॅनेजरबाई तेवढ्यात लगबगीनं पुढे झाल्या. त्यांनी भाच्याला फोन लावला होता आणि तो ताईच्या कानाशी धरला. "आजी, बघा कोण बोलतंय! किरकोळ अदलाबदल झाली होती, आपल्या कुटुंबात होतं कधीकधी—"

"आई?" फोनमधून आवाज आला. "आई, कळतंय का तुला? नळीचा कागद मी आता पाठवतच होतो."

"कळतंय," ताई म्हणाली. आवाज बारीक, पण प्रत्येक अक्षर सुटं. "नळी तुझ्या नाकात घाल. आणि या बाईला सांग, माझा कान सोड."

हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. बहुतेक गाण्याच्या आजी. मॅनेजरबाईंनी फोन उचलून घेतला आणि त्या दारापर्यंत भाच्याला काहीतरी समजावत गेल्या. बत्तिशीची छाती फुगली. आता असा कागद लिहीन, तो मनात म्हणू लागला, वरच्या कार्यालयात, वर्तमानपत्रात, एकेकाचे दात घशात घालीन. "ताई, तू बघच आता. या लोकांना मी सोडत नसतो. ही भिकारडी माणसं, ही आंधळी—"

"तू कुठं होतास?" ताईनं विचारलं.

"मी? मी तर दर रविवारी येत होतो!"

"येत होतास. तीन रविवार मी तुला तोंडावर बोट ठेवून दाखवत होते. पहिल्यांदा तू म्हणालास, 'पाणी हवंय? या लोकांना पाणी द्यायला नको,' आणि गेलास कार्यालयात भांडायला. दुसऱ्यांदा म्हणालास, 'भूक लागलीय ना,' आणि गेलास स्वयंपाकघरात भांडायला. तिसऱ्यांदा मी रडले. तेव्हा तू दारातूनच म्हणालास, 'रडू नकोस ताई, बघ कशी हजामत केलीय एकेकाची.'" ती थांबली. इतकं बोलून तिला धाप लागली होती. "हे लोक आंधळे, मान्य. त्यांनी माझे दात केले नव्हते."

आयुष्यभर ज्याला त्याला चिकटवायला बत्तिशीकडे शब्द होता, आता मघाचा 'आंधळा' त्याच्या स्वतःच्याच मापाचा निघाला. त्यानं वाडग्यातला लगदा ढवळला, एक अर्धा चमचा भरला आणि तिच्यासमोर धरला.

"गार झालाय," ताई म्हणाली, आणि आ केला.