मांडीची नोंद

दवाखान्याच्या आतल्या खोलीत जखमी माणूस आला की वामनभाऊ आधी कडी लावत, मग खिडकीवर चादर टाकत आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहत. "उतरव आता. लाज चपलेसारखी बाहेर ठेव. झालं की सांग."

जबलपूरच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात ते जखमा बांधणारे ड्रेसर होते आणि मी दवाखान्याची नोंदवही लिहिणारा बाबू. लढाई सुरू होती. पाळ्या बारा तासांच्या झाल्या होत्या. थकलेली माणसं पेट्यांवरून घसरत, लोखंडाचा धारदार कीस पायजम्यात शिरे. कुणाला जांघेत कापायचं, कुणाला त्याहून नाजूक जागी. अशा जखमेवर विडीची राख किंवा मशीनचं तेल लावून माणसं गप्प बसत. नोंदवही टेबलावर उघडी असे. कुणीही वाचलं असतं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या सगळ्या शॉपमध्ये हसं झालं असतं.

म्हणून भाऊंनी रीत पाडली. जखम तिथली असली तरी मला सांगायचे, "बाबू, मांडी लिही." खरी जागा त्यांच्या डोक्यात राहायची. माणसं येऊ लागली. भाऊ हात धुऊन उकळून निववलेल्या पाण्यानं जखम धूत, स्वच्छ कापडाची घडी ठेवून दहा मिनिटं दाबून धरत. रोगी वाकला की ओरडत, "काहून उचलून पाहतो? सिनेमा आहे का तिथं?" मग धनुर्वाताची सुई. जाताना प्रत्येकाला एकच ताकीद: "लघवी अडली, रक्त आलं, सूज वाढली, तर धावत ये. माझी वाट पाहू नको."

गढा मोहल्ल्यात राहणारा, लेथवर काम करणारा टर्नर रघुनाथ पेट्यांच्या थप्पीवरून घसरून लोखंडी कडेवर दोन्ही बाजूंना पाय पडून आदळला. रक्त थांबलं, लघवी झाली. भाऊंनी ताकीद दिली. मी मांडी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ बहिणीच्या मयतीला पाटन गावी गेले. रघुनाथ आला.

"भाऊ नाहीत?"

"नाहीत. काय होऊन राहिलं?"

बदलीवर आलेल्या ड्रेसरनं नोंदवहीत डोकावून 'मांडी' वाचलं. "जाँघ ही है ना भैया? इतना मुँह क्यों लटकाए हो?" बाहेरच्या बाकावरचे दोघं हसले.

रघुनाथनं माझ्याकडे पाहिलं. "दुखून राहिली," एवढंच म्हणाला. गोळ्या घेऊन गेला.

लघवी तुंबली होती. मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत विष अंगात भिनलं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

चौकशीत भाऊ म्हणाले, "शब्द माझा होता. बाबूनं फक्त लिहिला." त्यांना लेखी ताकीद मिळाली. त्यानंतर ते खरी जागाच लिहवून घेत, पण वही त्यांच्या कपाटात कुलपात राही. निवृत्त होईपर्यंत ते एक दिवसही जबलपूरबाहेर गेले नाहीत. भाचीच्या लग्नालाही नाही. "चलो, अक्षता इथूनच टाकतो," म्हणाले आणि पट्ट्या कापत बसले.

मला मात्र ते एक गोष्ट विचारत राहिले. चहा पिताना, सायकलीची हवा भरताना, पुढे म्हातारपणी खाटेवरून.

"बाबू, त्या दिवशी तो बसला होता का उभा?"

"बसला होता, भाऊ."

"मग तुला तरी कसं कळणार? तिथं लागलेल्याला बसवत नाही. बसला म्हणजे तुला मांडीच वाटणार." आणि माझ्या हातावर थोपटत.

भाऊ गेले त्याच्या आदल्या दिवशीही त्यांनी हेच विचारलं आणि मी हेच सांगितलं.

रघुनाथ उभा होता. मी दोनदा बाक दाखवला. दोन्ही वेळा त्यानं मान हलवली, आणि वहीतल्या 'मांडी'चा खरा अर्थ मला ठाऊक होता.