मावशींची अकरा दिवसांची गैरहजेरी

कचेरीत बावीस वर्षं सगळ्यांच्या आधी येणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे मावशी. साडेसातला मुख्य दार उघडायचं, नऊ खोल्या झाडायच्या, फरशी पुसायची. मग नऊला साहेब आले की त्यांच्या बुटांकडे अशा काही नजरेने बघायचं, की साहेबांनी निमूटपणे पायपुसण्यावर दोनदा पाय घासावेत. हजेरीपुस्तकात पहिली सही कायम मावशींची. सही कसली, ऐसपैस पसारा नुसता! खालच्या दोघांना त्यातून वाट काढत आपली नावं लिहावी लागायची.

एके दिवशी ते हजेरीपुस्तक कपाटात गेलं आणि हजेरी मोबाइलवर आली.

"सोपं आहे हो मावशी," हेडक्लार्क म्हणाले. "अ‍ॅप उघडायचं, आलेला आकडा टाकायचा, चेहरा दाखवायचा. झालं!"

मावशींनी आपला फोन पुढे केला. बटणांचा. पाचचं बटण झिजून गुळगुळीत झालेलं आणि मागचं झाकण रबरबँडने आवळलेलं.

"हा नाही चालायचा. घरात स्मार्टफोन कुणाकडे आहे?"

तो फक्त लेकीकडे. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला इस्पितळात नर्स. हेडक्लार्कनी तिचा नंबर नोंदवला आणि हात झटकले.

दुसऱ्या दिवसापासून मावशींची हजेरी म्हणजे तीन माणसांचं काम झालं. अ‍ॅप उघडायचं वॉचमनच्या फोनवर. सहा आकडे जायचे लेकीच्या फोनवर. लेक ते बटणाच्या फोनवर मावशींना सांगणार, मावशी वॉचमनला ओरडून सांगणार, आणि हे सगळं एका मिनिटात.

"आई, लिही पटकन. एकोणसाठ..."

"एकोणसत्तर!" मावशी ओरडल्या.

"एकोणसाठ गं! साठ! पेशंट बोलावतोय मला, लवकर!"

"साठ म्हणतेय!"

वॉचमनला 'एकोण' ऐकलं की आधी पुढचा आकडा लिहायचा आणि मग त्यातून एक वजा करायचा, अशी शाळेपासूनची सवय. त्याने साठ लिहिले, खोडले, एकोणसाठ केले. तोवर मिनिट संपलं. पुन्हा नवा आकडा. त्यात नेमका सत्त्याऐंशी निघाला आणि वॉचमनने सरळ कपाळाला हात लावला.

पाचव्या दिवशी आकडा जुळला. पण मग फोन म्हणाला, डोळ्यांची उघडझाप करा. मावशींनी जन्मात दोनदा फोटो काढलेला, दोन्ही वेळा 'पापणी लववू नका' म्हणून दम मिळालेला. त्या पुतळ्यासारख्या बघत राहिल्या. वॉचमन म्हणाला, "मावशी, डोळे मिटा." त्यांनी मिटले ते मिटलेच. "आता उघडा!" म्हणेपर्यंत फोनने नाद सोडला होता.

अकराव्या दिवशी दुपारी मावशी साहेबांच्या खोलीबाहेर फरशी पुसत असताना शिपाई आला आणि त्यांच्या ओल्या हातात एक कागद देऊन म्हणाला, "पोच द्या."

मावशींनी एकेक अक्षर लावत कागद वाचला. आपण विनापरवानगी सलग अकरा दिवस कार्यालयात गैरहजर आहात, खुलासा करावा.

त्या बादली तशीच टाकून आत गेल्या.

"साहेब, ही नोटीस मला कुठे मिळाली?"

"म्हणजे? इथेच मिळाली ना?"

"गैरहजर बाईला कचेरीत नोटीस मिळतेच कशी?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ते सिस्टिममध्ये दिसतंय मावशी. माझ्या हातात काही नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या आणि बाहेर येऊन उरलेली फरशी पुसून टाकली. काम अर्धवट सोडायचा स्वभाव नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या, पण धुतलेले चांगले कपडे घालून, आणि दाराबाहेरच्या बाकावर मांडी ठोकून बसल्या. किल्ल्यांचा जुडगा मांडीवर.

पावणेनऊला हेडक्लार्क आले. "मावशी, दार?"

"मी गैरहजर आहे."

नऊपर्यंत पायऱ्यांवर चौदा जण जमले. खरी गंमत पुढेच. अ‍ॅप इमारतीच्या आत पाऊल पडल्याशिवाय हजेरी घेत नसे आणि नऊ-पंधरानंतर लाल शेरा मारत असे. सगळे दाराला फोन लावून उभे. फोन एकच धोशा लावून बसलेला: आपण कार्यालयाबाहेर आहात.

साहेब आले तेव्हा नऊ वाजून आठ मिनिटं झाली होती. त्यांनीही फोन दाराच्या फटीत धरून पाहिला. मग ते बाकावर मावशींच्या शेजारी येऊन बसले.

"मावशी, काय करू सांगा."

"मला हजर करा. मग हजर बाई दार उघडेल."

"कशी करू? सिस्टिम..."

"सिस्टिमच्या आधी कशी करत होता?"

साहेब नऊ-बाराला उठले. "उघडा. पुस्तक बाहेर काढतो. शब्द देतो."

मावशींनी दार उघडलं. चौदा जण असे आत घुसले की हेडक्लार्कची एक चप्पल पायरीवरच राहिली. साहेबांनी मात्र आधी कपाट उघडून हजेरीपुस्तक काढलं. त्या नादात त्यांची स्वतःची हजेरी नऊ-सोळाला लागली आणि लाल शेरा बसला तो एकट्या त्यांना.

त्या दिवसापासून पुस्तक टेबलावर आलं. साधा फोन असलेला माळी आणि मुळात फोनच नसलेला जुना टपालवाला, दोघेही त्यात सही करू लागले. इतके दिवस ते दोघंही गैरहजरच होते. पण बोलले नव्हते.

मागच्या अकरा दिवसांसाठी साहेबांनी अ‍ॅपवाल्यांना पत्र लिहिलं. महिन्याने उत्तर आलं: दुरुस्तीसाठी कर्मचाऱ्याने स्वतःच्या स्मार्टफोनवरून अर्ज करावा.

साहेबांनी ते मावशींना मोठ्याने वाचून दाखवलं आणि दोघांनाही हसू आवरेना. मग त्यांनी पुस्तकात अकरा ओळी आखल्या, प्रत्येकीवर शिक्का मारला आणि पेन मावशींच्या हातात दिलं. फोनच्या लेखी मावशी ते अकरा दिवस अजूनही गैरहजरच आहेत.