चौघं भाऊ, एक चूल

मुंबईसह महाराष्ट्र मागता, पण त्या महाराष्ट्रात तुमचं गाव राहणार आहे का, हे कधी विचारलंत?

लालबागच्या कोंडीरामनं नव्हतं विचारलं. गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणारा माणूस; मोर्चा निघाला की साचा सोडून पुढे. लाठीनं सुजलेला हात गळ्यात बांधून खोलीवर बसला होता, तेवढ्यात धाकटा भाऊ भिवा गावी जाऊन परतला. गाव जावळीच्या खोऱ्यात. धरणाच्या पाण्याखाली जायचं होतं.

"दादा, मोजणीचा साहेब आलता. दर चुलीमागं एक जमीन देणार, लांब कुठंतरी."

"म्हंजे आपल्याला चार."

"एक. आयेनं एकच चूल सांगितली. अंगठाबी दिला."

म्हातारीवर ओरडायची सोय नव्हती. दर शिमग्याला चावडीवर बसून कोंडीरामच मिशीला पीळ देत सांगायचा, "चौघं भाऊ, पण चूल एक." मुंबईत चौघांची बिऱ्हाडं चार ठिकाणी, पण गावात वाटणी म्हणजे नाक कापलं. लेकाचा तोच तोरा म्हातारीनं साहेबापुढं मिरवला.

कोंडीराम रजा टाकून गावी गेला. साहेब कागदातून मान वर न काढता म्हणाला, "आईनं पंचांपुढं सांगावं, मुलं विभक्त आहेत. मग बघू."

पंच ओट्यावर येऊन बसले. म्हातारी उंबऱ्यातून हलेना.

"मी जिती हाय तवर वाटणी सांगू व्हय?"

"आये, नुसतं बोलायचं. जमीन जातीया."

"जिमीन सरकार न्हेतंय. घर तू मोडाया निघालास."

पोलिसापुढं न वाकलेला गडी आईपुढं खाली मान घालून बसला. पंच चहा पिऊन उठले. कागदावर कुटुंब एक ते एकच राहिलं. चार भावांची पोरं आता एका तुकड्यावर भांडणार, म्हणजे म्हातारी ज्याला भ्यायली तेच होणार. वीज जाणार कारखान्यांना, पाणी येणार हिच्या उंबऱ्याला, आणि वर हिलाच विचारणार, चुली किती? डोकं फिरतं माझं.

कोंडीराम परत कामावर गेला. मोर्चालाही जातो. पण खोऱ्यातला कुणी भेटला की घोषणेआधी दंड धरून विचारतो, "तुमच्यात मोजणी झाली का?"

तुमचं गाव तिकडलं असेल तर रविवारची वाट बघू नका. आजच निघा, आईजवळ बसा आणि साहेब पोचायच्या आत तिला मुंबईतली बिऱ्हाडं एक-एक करून सांगा. लाज वाटली तरी सांगा.