मैमूनाची उजवी बाजू

रय्या भिंतीशी बोलायची. "ज्याला भूक लागली असेल त्याने जेवून घ्यावं," असं ती स्वयंपाकघराच्या भिंतीला सांगे आणि ओसरीवरचा खलफान उठून ताटावर बसे. घरात माणसं दोनच, त्यामुळे निरोप भलत्याला पोचायची भीती नव्हती. अकरा वर्षं हा संसार असाच चालला होता. सूर बंदरातल्या शेजारणींनी सुरुवातीला तिची समजूत घालून पाहिली, मग नाद सोडला. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतणार?

बरं, तिचं चुकतं असंही कुणाला म्हणता आलं नसतं, पण खरी गोष्ट नवराबायकोलाच माहीत होती.

खलफान बिन जुमा हा सूरच्या किनाऱ्यावरचा गलबतं बांधणारा उस्ताद. कागदावर त्याने कधी रेघ ओढली नाही. कणा टाकायचा, त्याला नजरेच्या मापाने फळ्या जोडत जायचं, आणि अंग तयार झालं की आतून बरगड्या बसवायच्या. अशी एकोणीस गलबतं त्याच्या हातून पाण्यात गेली. शेवटचं मैमूना. ते त्याने मुलासाठी, मुहन्नासाठी बांधलं होतं. बांधणी अर्ध्यावर असताना खलफानला ताप आला. नऊ दिवस तो अंथरुणावर होता आणि तेवढ्यात कामगारांनी उजव्या बाजूच्या अकरा फळ्या चढवून टाकल्या. उठल्यावर तो गलबताच्या नाकासमोर जाऊन उभा राहिला. दुपारी जेवताना तो बायकोला म्हणाला, "उजवी बाजू दोन बोटं आत दबलेली वाटते."

"मग उकला," रय्या म्हणाली.

उकलायला चार दिवस लागले असते, फार तर पाच. पण उस्तादाने स्वतःचंच काम उकलायचं, तेही सगळा किनारा बघत असताना? माणूस मोठा झाला की त्याची मान कडक होते. खलफानने फळ्यांना हात लावला नाही. मैमूना पाण्यात उतरली, आणि रिकामी असली की उजवीकडे जराशी कलायची. खलाशी हसून म्हणायचे, प्रत्येकाची झोपायची एक कूस असते.

पाच वर्षं ती नीट चालली. सहाव्या वर्षी मसीरा बेटावरून खारवलेल्या मुशी माशाच्या गोण्या घेऊन परतताना, रास अल-हद्दच्या वळणावर एका लाटेने ती उजवीकडे आडवी झाली आणि पुन्हा उठली नाही. मुहन्ना नाखवा होता. सात जणांतले दोघे वाचले. हमदून नावाच्या म्हाताऱ्याचे दोन्ही मुलगे गेले.

दुखवट्याच्या बैठकीत कुणीतरी चाचरत विचारलं, की उस्ताद, गलबतात तर काही नव्हतं ना? आणि खलफान म्हणाला, "गलबत निर्दोष होतं. भार नीट लावला नसेल."

भार लावणं हे नाखव्याचं काम. म्हणजे बापाने मेलेल्या पोराच्या माथी चार माणसांची हत्या मारली, का, तर आपल्या हाताला बट्टा लागू नये म्हणून. पडद्यामागे बायकांत बसलेल्या रय्याने ते ऐकलं. हमदूनच्या बायकोनेही ऐकलं, आणि त्या दिवसापासून ती रय्याच्या सलामाला उत्तर देईनाशी झाली. हमदून मात्र खलफानच्या शेजारी बसत राहिला. बापाचा काय दोष, असं म्हणायचा.

अशी अकरा वर्षं गेल्यावर एके दिवशी टपालाने खोका आला.

पाठवणारा यान नावाचा हॉलंडचा माणूस होता. मैमूना बुडायच्या आदल्या वर्षी तो सूरला येऊन राहिला होता, आणि ओहोटीत वाळूवर टेकलेल्या मैमूनाला फीत लावून तीन आठवडे मोजत बसला होता. लोक त्याला शिंपी म्हणायचे. आता तिकडच्या एका कंपनीने त्याच्या मापांवरून लाकडी जहाजाचा जोडणीसंच काढला होता. पातळ लाकडात कापलेल्या बरगड्या, काडीसारख्या फळ्या, दोरा आणि भलामोठा नकाशा. जोडून झालं की हाताएवढी मैमूना. सोबतच्या चिठ्ठीत त्याने मोडक्या अरबीत विचारलं होतं, मैमूना कशी आहे? मुहन्नाला सलाम.

चिठ्ठी वाचली सैफने. सैफ म्हणजे किनाऱ्यावरचा जुना शिडं शिवणारा, खलफानचा लहानपणापासूनचा सोबती. वाचून त्याने चिठ्ठी घडी करून परत पाकिटात घातली. खलफान मात्र बरगड्यांकडे बघत होता. प्रत्येक बरगडीचे दोन अर्धे, दोन वेगळ्या लाकडी पत्र्यांत कापलेले, चौदा डावीकडचे आणि चौदा उजवीकडचे. ज्या मैमूनाला माशांनी कधीच खाऊन टाकलं, तिची हाडं त्याच्या मांडीवर होती. दोन बोटं खरोखर होती की तापातून उठलेल्या डोळ्यांना भास झाला, याचं उत्तर त्या दोन पत्र्यांत होतं. एवढ्याशा मापात दोन बोटं म्हणजे तांदळाच्या दाण्याची जाडी. त्याच्या नजरेला तेवढं पुरेसं होतं.

फक्त एक पत्रा दुसऱ्यावर ठेवायचा अवकाश. पण त्याचा हात धजेना.

दोन बोटं निघाली तर बापाच्या हाताने पोरगा मेला. नाही निघाली तर पोराच्या चुकीने चार जण मेले आणि बाप खरं बोलला होता. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी त्याने ठरवलं की पत्रे ताडून बघायचे नाहीत. गलबत बांधायचं, पाण्यात सोडायचं, ते कलतं की सरळ राहतं ते पाणी सांगेल. सैफला त्याने तसं बोलूनही दाखवलं. आतून रय्या भिंतीला म्हणाली, "बरं झालं. पाणी काही कुणाचं नातलग नाही."

पहिल्याच आठवड्यात उस्तादाने घोळ घातला. संचात बरगड्या आधी आणि फळ्या नंतर अशी रीत होती. खलफानने ती वेडगळ ठरवली. हाडं आधी रचून वर कातडं ओढणं हा खाटकाचा उलटा धंदा, असं म्हणत त्याने आपल्या रिवाजाने आधी फळ्याच जोडायला घेतल्या. काडीएवढ्या फळ्या त्या, त्यांना कुठलं अंग आणि कुठली ताकद? सहा मोडल्या. सैफ म्हणाला, "एकोणीस गलबतं बांधलीस ना रे? मग या कागदी होडीला एवढा का घाम फुटलाय?" खलफानने निमूटपणे नकाशा पुढे ओढला. आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्याने आखलेल्या रेघेवर चालायला लागला.

हातांत आता पूर्वीची पकड नव्हती. एकेक बरगडी कण्याला चिकटवून सुकेपर्यंत धरून बसायचं म्हणजे दुपार जायची. रय्या दारातून बघत असे. एक दिवस त्याला ओसरीवर पसरट भांड्यात कोमट पाणी ठेवलेलं दिसलं, काड्या भिजवून मऊ करायला. ठेवणारी दिसली नाही. त्या पाण्याकडे बघून म्हातारा रडला.

नववी उजवी बरगडी त्याच्या अंगठ्याखाली मोडली.

सैफ म्हणाला, डावी नववी पालथी ठेव, तिच्यावरून आख आणि उरलेल्या लाकडातून नवी काप. खलफानने तसं केलं, पण कापताना कडेला थोडं लाकूड जास्त सोडलं. डावी आणि उजवी कधी एक नसतात. नजरेने बांधलेल्या कुठल्याच गलबतात नसतात, ती माणसाच्या चेहऱ्यासारखी असतात, थोडी इकडे, थोडी तिकडे. मग मोडलेले दोन तुकडे जोडून त्याने माप ताडून पाहिलं. जास्तीचं सगळं लाकूड तासावं लागलं. मोडलेली उजवी थेट डावीएवढी होती, केसाचाही फरक नव्हता.

मग मात्र त्याने राहिलेल्या सगळ्या बरगड्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. दहावी, अकरावी, थेट चौदावीपर्यंत. सगळ्या तंतोतंत सारख्या. "अशी मैमूना मी बांधलीच नव्हती," तो सैफला म्हणाला. "हिच्यापेक्षा सरळ गलबत जगात कुणी बांधलेलं नाही."

सैफने भिंग लावून नकाशाच्या कोपऱ्यात यानने हाताने लिहिलेली बारीक अरबी अक्षरं वाचली. दोनदा वाचली, मग सांगितलं. गलबत वाळूवर उजव्या कुशीवर झोपलेलं असल्यामुळे मोजणी फक्त डाव्या बाजूची झाली, आणि उजवी बाजू डावीवरून उतरवून घेतली, असं तिथे लिहिलेलं होतं.

म्हणजे ज्या बाजूला फीत लागायला हवी होती, तीच वाळूत होती. आणि ती वाळूत होती कारण मैमूना नेहमी त्याच कुशीवर झोपायची. खलफानला हसू आलं, आणि ते थांबेना, तसा सैफ घाबरला. समुद्राखालचं गलबत गेलं ते गेलंच, आता त्याची मापंही गेली. विचारायला जगात कुठेच काही उरलं नव्हतं.

"ऐक माझं," सैफ हलक्या आवाजात म्हणाला. "बांधून पूर्ण कर, तरंगव. सरळ उभं राहील. बाई तुझ्याशी बोलेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी माझी किती वर्षं राहिलीत आता?"

पुढचे दोन महिने खलफानने रय्याजवळ याचं नावही काढलं नाही. फळ्या चढवल्या, फटींत तेलाचा कापूस दाबला, तळाशी मोजून खडे टाकले. रोज ठरवायचा की आज सांगू, आणि रोज ओसरीवर कोमट पाणी ठेवलेलं असायचं. अकरा वर्षांनी कुणी त्याच्यासाठी पाणी गरम करत होतं. ते तोडायचं धाडस त्याला होईना.

पाण्यात सोडायच्या दिवशी रय्या स्वतः धुण्याचं मोठं घंगाळ अंगणात घेऊन आली आणि भरून बाजूला उभी राहिली. खलफानने गलबत पाण्यावर ठेवलं आणि हात काढून घेतला. ते दोनदा डुललं, मग सरळ उभं राहिलं. ओळंबा लावला असता तरी चूक सापडली नसती. रय्याने बोटाने त्याला उजवीकडे दाबलं. ते उठलं. पुन्हा दाबलं, जोरात. पुन्हा उठलं.

ती घंगाळाच्या काठाशी खाली बसली.

"म्हणजे माझ्याच पोराने," ती म्हणाली. भिंतीला नाही, त्याला म्हणाली. "हमदूनच्या बायकोसमोर अकरा वर्षं मान ताठ ठेवून चालले मी. मनात म्हणायचे, माझ्या मुहन्नाने नाही केलं. आणि तुम्हाला... घोटभर कहवा कधी हाताने दिला नाही. माफ करा मला, मुहन्नाच्या बाबा."

तिने त्याचा हात हातात घेतला आणि कपाळाला लावला. तोच हात. खलफानला वाटलं, रास अल-हद्दला आपण बुडालो असतो तर फार बरं झालं असतं. अकरा वर्षं तो या हाकेसाठी झुरला होता, आणि आता ती कानात शिशासारखी उतरत होती. गप्प राहिला असता तर म्हातारपण सुखात गेलं असतं. फक्त मुहन्ना दुसऱ्यांदा बुडाला असता, आणि या वेळी आईनेही त्याचा हात सोडला असता.

त्याने हात ओढून घेतला.

"ऊठ. माफी मागू नकोस," तो म्हणाला. "त्या माणसाने डावी बाजूच मोजली होती. उजवी त्याने पाहिलीच नाही, डावीसारखी काढून टाकली. हे गलबत खोटं आहे, रय्या. मला दोन महिने माहीत आहे."

रय्याने घंगाळातल्या गलबताकडे पाहिलं.

"भार सरकला की बाजू उठली नाही, ते मला कधी कळणार नाही. पण दोन बोटं होती. मी पाहिली होती. तू उकला म्हणालीस आणि मी लाजेखातर उकललं नाही."

ती उठली. डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण गेल्या अकरा वर्षांतला नव्हता, त्याहून जुना, ओळखीचा राग होता.

"हे मला काय सांगता? मला तर तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत, ताटावर बसून," ती म्हणाली. "जिथे माझ्या पोराला बुडवलंत तिथे जाऊन सांगा."

खलफानने टोपी घातली, काठी घेतली. हे ऐकत उभा असलेला सैफ दारात आडवा आला. वेड लागलंय का, म्हणाला, तीन घरं तुझ्या जिवावर उठतील, तोंड कुठे लपवशील? खलफान त्याच्या बाजूने निघून गेला.

दुपारच्या नमाजानंतर पुरुषमंडळी सबल्यात, म्हणजे दुखवटा झाला होता त्याच गावच्या बैठकीत, जमलेली होती. तो आत येताच सगळे उठले. त्याने एका टोकापासून सगळ्यांशी हात मिळवला आणि आपल्या नेहमीच्या जागी, हमदूनच्या शेजारी बसला. खजूर पुढे आले, त्याने घेतले नाहीत. मग आल्यागेल्या प्रत्येकाला विचारतात ते सर्वांत वडीलधाऱ्याने विचारायचं होतं, आणि वडीलधारा हमदूनच होता.

"काय खबर, उस्ताद?"

यावर एकच उत्तर असतं. बाप मेलेला असो की घर जळालेलं असो, आधी म्हणायचं, काही खबर नाही, सगळं खैर आहे. खरं काय ते मागाहून, कानात. खलफानने जन्मभर हेच उत्तर दिलं होतं, मुहन्ना गेला त्या दिवशीसुद्धा.

"खबर आहे," तो म्हणाला.

हमदूनने हातातला कप खाली ठेवला आणि नीट ऐकू यावं म्हणून, जवळच्या माणसाकडे वळावं तसा, त्याच्याकडे वळला.

"मैमूनाची आहे," खलफान म्हणाला. "आणि तुझ्या पोरांची."